काजूच्या दिवसांतला ताप

एप्रिलमधली टळटळीत दुपार. सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या एका मेडिकलसमोर साठीचे एक गृहस्थ हातातला फोन काउंटरवर पुढे सरकवून उभे होते. पडद्यावर गोऱ्या मांडीवरचं एक लाल वर्तुळ, मधे फिकट आणि कडेला गडद. ‘ह्या लाइम म्हणतत ता असा मां? माझ्या पायार तसाच इला हा.’ दुकानातल्या पोराने त्यांना लुंगी जरा वर करायला सांगितली, वाकून बघितलं आणि विचारलं, ‘काका, खाजता?’ ‘खाजता तर! रातभर झोप नाय.’ पोराने मलमाची एक ट्यूब दिली, वर न मागता अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या कापून दिल्या. काकांनी पैसे दिले आणि ते निघाले. त्यांच्या अंगाला बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, आंबूस, उग्र वास येत होता, बोटांवर बोंडूच्या रसाचे काळपट डाग होते. म्हणजे सकाळ काजूच्या बागेत बिया गोळा करण्यात गेली होती. ताप आहे का, अंगावर गोचीड चिकटली होती का, बागेत कुठे मेलेलं माकड दिसलं का, यातलं एकही त्यांना कुणी विचारलं नाही. मलम कदाचित बरोबरच असेल. मनात रुतून बसले ते न विचारलेले तीन प्रश्न.

त्या काकांना हसण्यात अर्थ नाही. गोचीड चावल्यावर काय होतं असं फोनला विचारलं की तो पहिल्यांदा लाइम हा गोचिडीतून येणारा आजारच दाखवतो, कारण त्यावरचं बहुतेक लिखाण अमेरिकेतलं आणि युरोपातलं आहे. तिथे हा आजार खरोखर घराघरात माहीत आहे. १९७५च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, लाइम आणि आसपासच्या गावांत, लहान मुलांचे गुडघे सुजायला लागले. पॉली मरे नावाच्या एका आईने घरातल्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या दुखण्यांच्या नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याच्या मागे लागली. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासायला आले. कारण सापडलं ते पुढे विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या पोटात. मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू. १९८२ साली ते प्रसिद्ध झालं आणि जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. डॉक्टरांच्या आधी एका आईच्या वहीत हा आजार होता, ही गोष्ट मला त्या जिवाणूपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

पण तो जिवाणू वाहून नेणारी गोचीड आपल्या गोठ्यातली नव्हे. ती इक्सोडिस जातीची. तिला गारवा, ओल, पानगळीची जंगलं लागतात. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत त्या मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याकडच्या आणि ईशान्येकडच्या, दक्षिणेत वायनाडसारख्या डोंगराळ भागातल्या. कोकणात गुरांच्या कानात, आचळांजवळ टच्च फुगलेली दिसते ती गुरांची गोचीड. कुत्र्याच्या पंजांच्या बेचक्यांत सापडते ती तपकिरी, कुत्र्याची. या दोन्ही लाइम पसरवत नाहीत. शिवाय इक्सोडिससुद्धा चावल्याबरोबर जिवाणू सोडत नाही. साधारण दीड दिवस ती चिकटून रक्त पीत राहिली तरच धोका खरा. म्हणून वाडीत सकाळी चिकटलेली गोचीड संध्याकाळी काढली आणि फोनवर वाचून लाइमच्या धास्तीने गोळी घेतली, तर त्या गोळीने काहीच साधत नाही. अमेरिकेत ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, तो लाइमचा प्रादुर्भाव असलेल्या भागात, तीच गोचीड ओळखू आली आणि ती ३६ तासांवर चिकटलेली असली तर.

मग कोकणात लाइम दिसणारच नाही का? दिसेल, आणि तो बहुधा विमानाने येईल. जर्सीत किंवा बॉस्टनला असलेला मुलगा मे महिन्यात घरी येतो, जर्मनीत शिकणारी पुतणी गणपतीला येते, कुणी हिमाचलात ट्रेक करून परततो. निघण्याआधी ते तिकडच्या रानात, गवतात, घराच्या मागच्या अंगणात हिंडलेले असतात. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवडाभरात, चाव्याच्या जागी चट्टा उठतो आणि दिवसागणिक पसरतो. पाच सेंटिमीटरच्या वर गेला, गुळगुळीत असला, फारसा खाजत-दुखत नसला, तर शंका घ्यावी. दर दहातल्या सात-आठ रुग्णांत तो दिसतो, उरलेल्यांत दिसतच नाही. चावल्यावर पहिल्या दिवशीच उठणारी छोटी लाल गांधी ही निव्वळ चाव्याची प्रतिक्रिया. ती दोन-तीन दिवसांत विरते. आणि फोनवरचं ते सुबक, नेमबाजीच्या फळ्यासारखं वर्तुळ गोऱ्या कातडीवरचं आहे. आपल्या सावळ्या अंगावर तोच चट्टा मुका मार लागल्यासारखा जांभळट-तपकिरी दिसतो. कित्येकदा मधला भाग फिकट होतच नाही. उलट आपल्याकडे घामाच्या दिवसांत ज्या सुरेख गोल कडा दिसतात, खाजतात, ज्यांवर बारीक कोंडा असतो आणि ज्या कमरेला, जांघेत, लुंगीच्या गाठीखाली वाढत जातात, तो गजकर्ण. मेडिकलमधल्या त्या पोराचा प्रश्न म्हणूनच चुकीचा नव्हता. फक्त तो एकटाच प्रश्न होता.

काजूच्या दिवसांत कोकणात गोचिडीचं नाव घेतलं की आधी माकडताप आठवायला हवा.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासची माणसं तापाने फणफणली. विषाणू सापडला, त्याला त्या जंगलाचं नाव मिळालं. अर्धं शतक उलटेपर्यंत तो तिथेच, आसपासच्या जिल्ह्यांत राहिला. मग सह्याद्रीच्या धारेने सरकत २०१५ साली गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात उतरला, २०१६च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पोचला आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात. तेव्हापासून या पट्ट्यात ‘माकडताप’ हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. या विषाणूची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची रानगोचीड. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या माद्या गुरांवर, रानजनावरांवर पोसतात, खाली पडून अंडी घालतात. पाऊस सरता सरता अळ्या निघतात. आणि थंडीपासून मेपर्यंत त्यांची अर्धवट वाढलेली पिल्लं सुक्या पानांवर, गवताच्या टोकांवर येऊन बसतात. माणसाला चावतात ती मुख्यतः ही पिल्लं. एक-दीड मिलिमीटरचा ठिपका. उन्हात काम करताना चावलेली कळतही नाही. अनेक रुग्ण ‘गोचीड नाही चावली’ असं मनापासून सांगतात, ते म्हणूनच.

आता त्या महिन्यांत दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस काय करत असतो ते बघा. जानेवारीपासून पातेरा गोळा करणं चालू होतं. झाडांखालचा सुका पाचोळा झाडून, डाळीत म्हणजे मोठ्या टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन आणायचा. थोडा गुरांखाली अंथरायला, बाकीचा भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला. डोक्यावरच्या डाळीतून सुकी पानं मानेवर, ब्लाउजच्या पाठीवर पडत राहतात. फेब्रुवारीपासून काजू. बी झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेला बोंडू उचलून पिळून बी वेगळी करतात, म्हणजे दिवसभर वाकून, पाचोळ्यात हात घालून काम. दमलं की त्याच सावलीत, त्याच पानांवर बूड टेकायचं. दुपारी पाठ टेकायला मांगर, म्हणजे बागेतली खोप, तिथेही खाली पातेराच. गुरं रानातून येताना पूर्ण वाढलेल्या गोचिडी अंगावर घेऊन येतात आणि त्या गोठ्याच्या, दगडी गडग्याच्या कडेला अंडी घालतात. गोचिडीला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक आखून देता आलं नसतं. सरकारी पत्रकात ‘जंगलात जाणे टाळावे’ असं छापलेलं असतं तेव्हा ते कुणासाठी लिहिलंय हा प्रश्न पडतो. वर्षाचे रोख पैसे ज्या तीन महिन्यांत येतात ते टाळायचे कसे?

टाळता येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पातेऱ्यावर थेट बसू नये. गोणपाट, त्यापेक्षा प्लास्टिकचा ताडपत्रीचा तुकडा बरोबर न्यावा आणि निघताना झटकावा. हाफ पॅंट किंवा लुंगीऐवजी लांब पॅंट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली, आणि पायांत गमबूट. एप्रिलच्या उकाड्यात गमबूट म्हणजे शिक्षा, हे खरं. घामाने पाय सोलवटतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस ते मांगरात ठेवून अनवाणी जातो. निदान फिक्या रंगाचे कपडे घालावेत, चढणारा ठिपका दिसतो तरी. बाधित गावांत आरोग्य खातं डेपा नावाचं तेल देतं; ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेलं आहे ते. निघण्यापूर्वी हात, पाय, मान यांवर चोळायचं. डोळ्यांना, जखमेला लावायचं नाही. एकदा सकाळी लावलं की दिवसभर काम होत नाही. घामाने ते उतरतं, म्हणून दुपारच्या पेजेनंतर पुन्हा लावावं लागतं. बहुतेकांचं इथेच चुकतं, बाटली घरी राहते. परत आल्यावर कपडे खुंटीला न लावता थेट उकळत्या पाण्यात घालायचे आणि साबणाने अंग चोळून आंघोळ करायची. पाणी अंगावर घेताना कानामागे, केसांच्या रेषेत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्याच्या मागे बोट फिरवायचं. पाठ दुसऱ्याने बघायची. माकडतापाची लस पूर्वी दिली जायची, महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि नंतर बूस्टर. पण ती पुरेशी परिणामकारक नसल्याने तिचा वापर थांबला. म्हणजे तूर्त हातात आहे ते एवढंच.

आणि गोचीड सापडलीच तर? कोकणात याचे हजार उपाय आहेत आणि त्यातले बहुतेक वाईट. विडीचं पेटतं टोक टेकवतात, रॉकेलचा बोळा ठेवतात, चुना लावतात, तंबाखूचं पाणी सोडतात. गोचीड सुटते कधीकधी, नाही असं नाही. पण गुदमरली किंवा भाजली की ती पोटातलं उलट आपल्या रक्तात ओकण्याची भीती असते, म्हणजे जे टाळायचं तेच घडवून आणल्यासारखं. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाजवळ धरावं, पोटाला नाही. आणि न पिळता, न झटका देता, सरळ वर, सावकाश ओढत राहावं. पाच-दहा सेकंदांत ती सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नये, कातडी तो स्वतः बाहेर ढकलते. उकरल्याने फक्त जखम पिकते. जागा साबण-पाण्याने धुवावी. नखावर चिरडू नये. सेलोटेपच्या तुकड्यात चिकटवून त्यावर तारीख आणि जागा लिहावी, आणि तो तुकडा कालनिर्णयला त्या दिवसावर चिकटवून टाकावा. हसू येईल, पण तीन आठवड्यांनी ताप आला तर ‘गोचीड कधी चावली’ याचं उत्तर त्या चौकटीत मिळतं.

माकडतापाचं टपाल फार लवकर येतं: चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत. सुरुवात अचानक. सकाळी कामाला गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून परत येतो. कपाळ फुटेल असं डोकं, कंबर आणि पोटऱ्यांत असह्य ठणका, डोळे लाल, उलट्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी. आपल्याकडे ‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे डेंग्यू, असं गणित पक्कं बसलेलं असल्याने पहिले तीन दिवस डेंग्यूच्या कार्डावर जातात, पपईच्या पानांचा रस पाजला जातो. आणि अंगदुखी सोसवत नाही म्हणून कुठल्यातरी दवाखान्यात कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारलं जातं. हे मात्र खरंच घातक आहे. प्लेटलेट घसरलेल्या माणसाला डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. माकडतापाला मारणारं औषध नाही. रुग्णाला वाचवतं ते वेळेवर दिलेलं सलाईन, रक्तदाबावरची नजर, गरज पडल्यास प्लेटलेट आणि रक्त. मरण पावणाऱ्यांचं प्रमाण साधारण शंभरात तीन ते पाच. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, त्यामुळे घरातल्यांनी रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही.

बागेत माकड मेलेलं दिसलं तर त्याला हात लावू नये, ओढून गडग्यापलीकडे टाकू नये, पोरांना दाखवायला नेऊ नये. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवं घर शोधत खाली उतरतात, तो परिसरच काही दिवस धोक्याचा असतो. आशाताईला किंवा वन खात्याला कळवायचं. ते नमुना घेतात, आजूबाजूला मॅलेथिऑनची पूड मारतात. काळतोंडं वानर असो की लाल तोंडाचं माकड, दोन्ही या विषाणूने मरतात. गावात ‘केलडी मेली’ म्हणून लोक थोडे सुखावतातच, नारळ-केळीची नासाडी कमी होणार म्हणून. ते समजण्यासारखं आहे. पण मेलेलं एक माकड हा त्या रानातला रक्ताचा पहिला रिपोर्ट असतो आणि तो फुकट मिळतो.

पाऊस आला की माकडतापाचा हंगाम संपतो आणि लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या तापाचा, सुरू होतो. त्याबद्दल कोकणी माणसाला नव्याने सांगायला नको. भात कापणीच्या वेळी, ऑक्टोबरच्या आसपास, तिसरा एक पाहुणा येतो आणि त्याला अजून पुरेशी ओळख मिळालेली नाही. स्क्रब टायफस. हा गोचिडीचा नव्हे, तर गवताच्या कडेला, झुडपांत, उंदरांच्या वाटांवर राहणाऱ्या माइट नावाच्या किड्याच्या अळीचा. नुसत्या डोळ्याला न दिसणारी ती अळी कातडी मऊ आणि कपडा घट्ट असतो तिथे चावते: परकराच्या नाडीखाली, काखेत, स्तनांच्या खाली, जांघेत. चावल्यावर सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो आणि चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, भोवती लालसर कड. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि डॉक्टर साडीच्या निऱ्या ढिल्या करायला सांगत नाहीत, म्हणून दिसत नाही. आपली लाज आणि त्यांची घाई यांच्या मधे ती खपली लपून राहते. घरच्या बाईने आंघोळीला बसवताना बघितली तर बघितली. त्या खपलीएवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही. ती दिसली की रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. न बघितलेल्या रुग्णाला मात्र अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोनवर आठवडा काढावा लागतो, आणि ती औषधं या जंतूला शिवतही नाहीत. तेवढ्यात दम लागतो, मूत्रपिंडं कामाला नकार देतात. कुत्र्याच्या गोचिडीतून येणारा एक ताप याचाच भाऊबंद. त्यात तिसऱ्या-पाचव्या दिवशी पुरळ येतं ते तळहात-तळपायांवरही. हातपाय उलटे करून बघायला किती वेळ लागतो?

यात एक दिलासा आहे, त्याचं नाव डॉक्सिसायक्लिन. स्क्रबला, कुत्र्याच्या गोचिडीच्या तापाला, लेप्टोला, खऱ्याखुऱ्या लाइमला, सगळ्यांना हीच गोळी चालते. तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. स्क्रबला साधारण ७ दिवस, सुरुवातीच्या लाइमला १० ते १४. गरोदर बाईला स्क्रबसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन. लहान मुलांचं डॉक्टर ठरवतील. स्क्रबमध्ये ४८ तासांत ताप उतरतो, इतका ठरावीक की न उतरला तर डॉक्टर निदानच पुन्हा तपासतात. पण ही गोळी घेण्याची रीत आहे. जेवून, भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याने घेऊन झोपलं की ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते आणि माणूस ‘गोळी सोसली नाही’ म्हणून सोडून देतो. दुधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर नाही; त्यांच्याशी चिकटून ती रक्तात पुरेशी पोचत नाही. ती चालू असताना उन्हात अंग भाजल्यासारखं होतं. आणि काउंटरवरून पाच गोळ्या आणून तीन खाणं म्हणजे रोग अर्धवट झाकणं. डॉक्टरांच्या हातात मग ना ताप येतो, ना निदान.

लाइमच्या चाचणीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण शहरातल्या लॅबच्या पॅकेजमध्ये ती हल्ली असते आणि हजारो रुपये घेते. आधी एलायझा ही रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तरच वेस्टर्न ब्लॉट ही खातरजमा करणारी दुसरी, अशा दोन पायऱ्या आहेत. एकट्या एलायझावर काही ठरत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रतिपिंडं तयार झालेली नसतात, तेव्हा खऱ्या रुग्णाचीही ती निगेटिव्ह येते. आणि कोकणात खास अडचण अशी की लाइमचा जिवाणू आणि लेप्टोचा जिवाणू एकाच पिळदार कुळातले. लेप्टो होऊन गेलेल्या माणसाची लाइमची एलायझा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. हिशेब करून बघा: समजा हजारात एकालाच खरा लाइम आहे आणि चाचणी निरोगी शंभरांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. हजार लोक तपासले तर एक खरा सापडेल आणि जवळजवळ पन्नास खोटे. ते पन्नास जण मग महिनोन् महिने लाइमचे रुग्ण म्हणून जगतात आणि सांधेदुखीचं खरं कारण, कधी संधिवात, कधी ड जीवनसत्त्व, कधी नुसतं वय, बाजूला पडतं. परदेशात न गेलेल्या, चट्टा नसलेल्या माणसाने ही चाचणी करू नये असं माझं स्वच्छ मत आहे.

मग जायचं कुठे? ताप आल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या आत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. खाजगी दवाखान्याशी माझं वाकडं नाही, पण माकडतापाचा नमुना पुण्याच्या एनआयव्ही म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठरावीक प्रयोगशाळांतच तपासतात आणि तो थंड पेटीत, तीन आवरणांत बांधून पाठवायची वाट सरकारी यंत्रणेकडूनच जाते. पहिल्या आठवड्यात पीसीआर ही विषाणूच शोधणारी चाचणी, पाचव्या-सहाव्या दिवसापासून आयजीएम ही प्रतिपिंडांची. उशिरा गेलात तर पीसीआर हुकते, लवकर आयजीएम केली तर ती निगेटिव्ह येते, म्हणून तापाचा पहिला दिवस नेमका सांगणं महत्त्वाचं. रक्तस्राव, गुंगी, दम, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं की सावंतवाडी, ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा सरळ गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. दोडामार्गाचा माणूस बांबोळीलाच जातो, त्याला जिल्ह्याच्या सीमा विचारायला वेळ नसतो. पदं रिकामी असतात, रांगा असतात, हे सगळं खरं. तरी या किनाऱ्यावर उपचार शोधायला नेहमी लांबच जावं लागतं असंही नाही. लाल विंचवाने दहातले चार दगावायचे तेव्हा महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं लिहिली आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी तिथेच कामाला लावली. मरण शंभरात एकावर आलं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘ताप आहे, अंग दुखतंय’ हे सगळेच सांगतात. काजूला जात होतो की कापणीला, गोचीड कधी निघाली, घरातल्या किंवा वाडीतल्या आणखी कुणाला ताप आहे का, माकड मेलंय का, गेल्या महिन्यात कोण कुठून आलं, आणि आतापर्यंत कुठल्या गोळ्या खाल्ल्या, हे विचारलं नाही तरी सांगावं. गोळ्यांची पाकिटं न्यावीत. लाइमची शंका असलेल्याने गुडघा सुजलाय का, तोंड एका बाजूला वाकलंय का, छातीत ठोके चुकतात का, हेही सांगावं. त्यातल्या काहींना शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोन लागतं आणि ते तालुक्याच्या फिजिशियनला देता येतं. बरं झाल्यावरही थकवा, सांधे, झोप यांच्या तक्रारी काही महिने राहतात. त्यावर महिनोन् महिने अँटिबायोटिक देऊन उपयोग होत नाही. नेदरलंड्समध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या जादा औषधाने काहीही फरक पडला नव्हता.

माकडतापातून उठलेल्याची गोष्ट निराळी. आठ-दहा दिवसांनी ताप जातो, भूक लागते आणि बागेत अजून पडलेल्या बिया दिसत असतात. पाऊस यायच्या आत त्या उचलायला हव्यात. पण दहातल्या एक-दोघांना आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर ताप पुन्हा उलटतो, आणि या खेपेला डोक्यात शिरतो: मान ताठ, हातांना कंप, बोलण्यात असंबद्धता, कधी झटके. घरातले याला अशक्तपणा समजतात, ग्लुकोजचं पाणी देतात. अशा वेळी आरोग्य केंद्राची पायरीही गाळून जुने सगळे कागद घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जावं, आणि पहिल्या तापाची तारीख दारातच सांगावी.